निक्को युमोतो : सरोवराकाठच्या ऑनसेन हॉटेलातला मुक्काम (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

टोकियोच्या उत्तरेला तोचिगी प्रांतात निक्को आहे. तिथून घाट चढून जाणारी बस ज्या गावात थांबते आणि मागे फिरते ते युमोतो. गावाला लागूनच युनोको नावाचे छोटे सरोवर आहे (जपानी भाषेत ‘को’ म्हणजे सरोवर). त्याच्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून १,४७८ मीटरवर आहे, म्हणजे महाबळेश्वरापेक्षा थोडी उंच. सरोवराच्या उत्तर टोकाला जमिनीतून गरम गंधकयुक्त पाणी येते आणि त्याच्या भोवती हॉटेले उभी आहेत. अशा गरम पाण्याच्या झऱ्याला आणि त्यावरच्या स्नानाला जपानीत ‘ऑनसेन’ म्हणतात. इथे मुक्काम ठरवताना मराठी मंडळींना पडणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे खाली दिली आहेत.

निक्को टोकियोहून एका दिवसात होते. मग युमोतोला मुक्काम कशासाठी?

तोशोगू मंदिर आणि केगोन धबधबा एका दिवसात धावत पळत होतात, हे खरे. युमोतोचे तसे नाही. इथे बघायचे ते पाणी, आणि ते बघायचे त्यात बसून. दिवसाची गर्दी संध्याकाळच्या बसने उतरून गेली की गाव शांत होते, आणि पहाटे सरोवरावर धुके असते तेव्हा काठावर चिटपाखरू नसते. जमल्यास दोन रात्री राहा. एका रात्रीच्या मुक्कामात पोहोचणे, जेवणे आणि निघणे एवढेच हाती लागते.

वाटेतल्या चुझेन्जी सरोवराकाठी राहिलो तर तेच पाणी मिळते ना?

मिळते, पण नळाने. चुझेन्जी ऑनसेनच्या हॉटेलांना युमोतोचेच पाणी डोंगरउतारावरून नळ टाकून नेले आहे. चुझेन्जी सरोवर मोठे आहे, खाली १,२६९ मीटरवर आहे, बसही जास्त आहेत. तिथे राहणे सोयीचे आहे. पण गंधकाचे पाणी जमिनीतून निघाल्यावर हवा आणि वेळ लागून बदलत जाते. ते ताजे हवे असेल तर उगमाशीच राहायला हवे. केवळ पाण्यासाठी जाणाऱ्याने युमोतोच निवडावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कसे पोहोचायचे?

दोन मार्ग आहेत. आसाकुसाहून तोबू रेल्वेची जलद एक्स्प्रेस पावणेदोन ते दोन तासांत तोबू-निक्कोला पोहोचवते. जपान रेल्वेचा (जेआर) पास असेल तर शिनकानसेनने उत्सुनोमियापर्यंत जा आणि तिथून निक्को लाइनची साधी गाडी घ्या. ती पाऊण तासाच्या आसपास वेळ घेते.

दोन्ही स्टेशनांवरून ‘युमोतो ऑनसेन’ पाटीची तोबू बस मिळते. साधारण ८० ते ८५ मिनिटे लागतात. बस आधी जेआर निक्को स्टेशनवर लागते आणि मग तोबू-निक्कोवर येते, जिथे रांग असते. दोन्ही स्टेशने चालत काही मिनिटांच्या अंतरावर आहेत. म्हणून सुटीच्या दिवशी जेआर स्टेशनवर जाऊन बसलात तर जागा मिळते. जाऊन-येऊन भाडे आणि मधले चढउतार धरले तर दोन दिवसांचा बसपास स्वस्त पडतो. तो तोबू-निक्को स्टेशनच्या माहिती खिडकीवर मिळतो.

वाटेत इरोहाझाका घाट लागतो. चढायचा रस्ता वेगळा आणि उतरायचा वेगळा. चढताना २० वळणे, उतरताना २८. एकूण ४८, आणि प्रत्येक वळणाला जुन्या जपानी मुळाक्षरांतले एकेक अक्षर दिले आहे. गाडी लागणाऱ्यांनी गोळी निक्कोलाच घ्यावी. घाट सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा उपयोग होत नाही.

हॉटेलात किती वाजेपर्यंत पोहोचायला हवे?

चेक-इन बहुधा दुपारी ३ पासून असते. पण खरी वेळ पाळायची ती रात्रीच्या जेवणाची. ते ६ किंवा ६:३० ला असते, आणि उशिरा आलेल्या माणसासाठी स्वयंपाकघर थांबत नाही. पदार्थ ठरल्या क्रमाने आणि ठरल्या वेळी गरम केले जातात. ६ नंतर पोहोचलात तर अनेक हॉटेलांत जेवण रद्द होते आणि पैसे परत मिळत नाहीत.

म्हणून उलटा हिशेब करा. ६ ला जेवण, त्याआधी एकदा गरम पाण्यात बसायचे तर ४:३० ला खोलीत, म्हणजे ३ च्या आधी निक्कोहून बस, म्हणजे १२ च्या सुमारास आसाकुसाहून गाडी. मंदिरे बघून मग वर जायचा बेत असेल तर सकाळी ८ च्या आत टोकियो सोडा, नाहीतर मंदिरे दुसऱ्या दिवशी उतरताना बघा. उशीर होणार असे दिसताच फोन करा. बसमध्ये अडकला आहात एवढे कळले तरी ते जेवणाची वेळ थोडी पुढे घेऊ शकतात.

दर प्रत्येक खोलीचा असतो का?

नाही, आणि इथेच हिशेब चुकतो. पारंपरिक मुक्कामाचा दर माणशी असतो आणि त्यात रात्रीचे जेवण व सकाळची न्याहारी धरलेली असते. संकेतस्थळावर दिसलेला आकडा खोलीचा समजून चौघांचे आरक्षण केले की काउंटरवर चौपट रक्कम समोर येते. आरक्षण करताना माणसांची संख्या, मुलांची वये आणि ‘दोन जेवणांसह’ हे शब्द तपासा. शिवाय ऑनसेनचा कर वेगळा द्यावा लागतो. तो सर्वसाधारणपणे माणशी दर रात्री १५० येन असतो.

मोठ्या बॅगा बसमध्ये चालतात का?

चालतात, पण त्या ठेवायला धड जागा नसते आणि घाटात त्या घसरतात. त्यापेक्षा तीन सोपे उपाय आहेत. मोठी बॅग टोकियोच्या हॉटेलातच ठेवा, बहुतेक हॉटेले परतणाऱ्या पाहुण्यांचे सामान सांभाळतात. किंवा निक्को स्टेशनवरच्या लॉकरमध्ये ठेवा. किंवा ‘ताक्क्युबिन’ सेवेने पुढे पाठवा. हॉटेलच्या काउंटरवर किंवा किराणा-सुविधा दुकानात बॅग दिली की टोकियो परिसरातून ती सहसा दुसऱ्या दिवशी पोहोचते. त्यामुळे एक दिवस आधी पाठवायची, आणि औषधे, पासपोर्ट, चार्जर त्यात टाकायचे नाहीत.

तिथे सगळीकडे वास येतो म्हणतात. कसला?

पादेलोणाचा. घरात पादेलोण कुटताना जो वास येतो तोच, कारण दोन्हीकडे वायू एकच, हायड्रोजन सल्फाइड. बसमधून उतरताच तो जाणवतो आणि अर्ध्या तासात जाणवेनासा होतो, कारण नाक सवय करून घेते.

ही सवय मात्र लक्षात ठेवायची गोष्ट आहे. वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला असे नाही. तो हवेपेक्षा जड असल्याने पाण्याच्या पृष्ठभागालगत साचतो. म्हणून स्नानगृहाची वरची आणि खालची झडप किंवा खिडकी भर हिवाळ्यातही उघडी ठेवलेली असते. थंडी वाजते म्हणून ती बंद करू नका. काठावर डोके टेकून डुलकी घेऊ नका. डोके दुखू लागले किंवा मळमळले तर लगेच बाहेर मोकळ्या हवेत जा.

गावाच्या मागे उगमाची जागा आहे. तिथे दलदलीवर लाकडी छपरांची लहान खोपटी दिसतात. प्रत्येक छपराखाली एक उगम आहे. आखलेल्या वाटेवरून बघा, कुंपण ओलांडू नका. बर्फाच्या दिवसांत तर नाहीच, कारण बर्फाच्या खळग्यात हा वायू साठून राहतो.

काल पाणी हिरवट होते, आज दुधासारखे पांढरे. काही मिसळतात का?

काही नाही. पाणी उगमातून निघते तेव्हा स्वच्छ किंवा हिरवट झाक असलेले असते. हवेचा स्पर्श झाला की विरघळलेल्या गंधकाचे बारीक कण होतात आणि पाणी पांढरे दिसू लागते. हौद नुकताच धुऊन भरला असेल तर हिरवट, पाणी काही तास टिकले असेल तर पांढरे. पाण्यात पांढरे-पिवळे तुकडे तरंगताना दिसतात, ती ‘युनोहाना’, म्हणजे पाण्याची फुले. साबणाचा किंवा मळाचा अंश समजून तक्रार करू नका.

कपडे बदलायच्या खोलीत भिंतीवर एक चौकट लावलेली असते. त्यात उगमाचे तापमान, आम्लता आणि क्षारांचे प्रमाण दिलेले असते. पाण्यात साधे पाणी मिसळले का, ते तापवले का, तेच पाणी फिरवून वापरतात का, जंतुनाशक घालतात का, या चार गोष्टीही तिथे लिहाव्या लागतात. भाषांतराचे अॅप धरून ती वाचा. युमोतोचे काही उगम ७० अंशांच्या वर आहेत, त्यामुळे थंड करायला साधे पाणी मिसळणे इथे गैर नाही. ‘फिरवून वापरतात’ असे लिहिले असेल तर मात्र तो अनुभव वेगळा असतो.

जोडवी, पैंजण, मंगळसूत्र घालून पाण्यात गेले तर?

चांदी काळी पडते. एका स्नानात, काही मिनिटांत. पाण्यातले गंधक आणि चांदी यांचा चांदी-सल्फाइडचा थर तयार होतो. नुसत्या वाफेने आणि गावातल्या हवेनेही चांदीवर पिवळट झाक येते. जोडवी, पैंजण, चांदीची साखळी हे सगळे हवाबंद पिशवीत घालून बॅगेत ठेवा. विमानप्रवासाने पाय सुजतात आणि मग जोडवी निघत नाहीत, म्हणून ती घरूनच काढून ठेवलेली बरी.

२२ कॅरेट सोन्याला फारसे काही होत नाही, पण डाग देऊन जोडलेल्या सांध्याच्या जागी मिश्रधातू असतो तिथे काळपटपणा येऊ शकतो. एक ग्रॅम सोन्याचे, म्हणजे पितळेवर मुलामा दिलेले मंगळसूत्र मात्र खराब होते. ते काढाच. चांदीचा चष्मा, घड्याळ, कानातले यांचेही तेच.

आणि तरीही काळे पडलेच, तर घाबरू नका. वाडग्यात आतून अॅल्युमिनियमचा कागद लावा, त्यात अर्धा लिटर कढत पाणी आणि एक मोठा चमचा खायचा सोडा घाला. चांदी कागदाला टेकेल अशी ठेवा आणि पाच-दहा मिनिटांनी धुऊन पुसा. खडे, मोती किंवा मीनाकाम असलेल्या दागिन्याला हे करू नका. मुद्दाम काळ्या केलेल्या ऑक्सिडाइज्ड चांदीची नक्षीही यात उतरते, तीही दूर ठेवा.

अंघोळीची नेमकी पद्धत काय?

आपल्याकडे वज्रेश्वरी-गणेशपुरीला किंवा उन्हवऱ्याला कुंडात कपड्यांसह उतरायची सवय असते. इथे उलट आहे. हौद हा अंग धुवायला नाही, धुतलेले अंग शेकायला आहे. म्हणून क्रम पाळा.

दारावरचा पडदा बघा. निळा पुरुषांचा, लाल स्त्रियांचा. काही ठिकाणी रात्री किंवा सकाळी दोन्ही बाजूंची अदलाबदल होते, तेव्हा दर वेळी पाहूनच आत जा. चप्पल बाहेर काढा. टोपलीत सगळे कपडे ठेवा. पोहण्याचा पोशाखही चालत नाही. सोबत फक्त छोटा पंचा न्यायचा.

आत भिंतीला लागून बुटकी स्टुले आणि हातशॉवर असतात. स्टुलावर बसून साबणाने नीट अंग धुवा, फेस पूर्ण काढा. उभे राहून शॉवर घेतला तर शेजारच्यावर शिंतोडे उडतात, तो मोठा अपराध मानतात. मग हौदाजवळ बसून त्यातलेच पाणी भांड्याने अंगावर घ्या, आधी पायावर, मग कमरेवर, मग खांद्यावर, सुमारे दहा वेळा. हे शिष्टाचारासाठी नाही, रक्तदाबासाठी आहे. थंड अंगाने एकदम ४२ अंशांत उतरल्यावर चक्कर येते, ती याने टळते.

पाण्यात हळू उतरा. केस लांब असतील तर वर बांधा, ते पाण्याला लागता कामा नयेत. पंचा पाण्यात बुडवायचा नाही. घडी करून डोक्यावर ठेवतात. पहिल्यांदा तीन ते पाच मिनिटे पुरे. बाहेर बसून अंग निवू द्या आणि पुन्हा दहा मिनिटे बसा. दिवसातून दोन-तीनदा, यापेक्षा जास्त नको. ‘अजून थोडा वेळ’ करत २५ मिनिटे बसणाऱ्यांनाच नंतर कपडे बदलायच्या खोलीत जमिनीवर बसावे लागते.

बाहेर येण्याआधी पंचा पिळून अंग टिपा, ओल्या पायाने लाकडी फरशीवर जाऊ नका. त्वचा साधारण असेल तर गंधकाचे पाणी धुऊन काढायची गरज नाही. नाजूक किंवा कोरडी त्वचा असेल, खाज येत असेल तर शेवटी साध्या पाण्याने धुवा आणि मलम लावा. नंतर पाणी प्या. एक पेलाभर तरी.

सगळ्यांसमोर कपडे काढायचे जमणार नाही. दुसरा मार्ग?

आहे. काही हॉटेलांत ‘काशिकिरी’ स्नानगृह असते. ते कुटुंबाला ४५-५० मिनिटांसाठी आतून कडी लावून मिळते, कधी फुकट, कधी वेगळे पैसे देऊन. वेळ चेक-इनच्या वेळीच लिहून घेतात, त्यामुळे लवकर पोहोचणाऱ्याला चांगली वेळ मिळते. दुसरे म्हणजे स्वतःचा हौद असलेली खोली. महाग, पण आईवडील सोबत असतील तर खर्च सार्थकी लागतो. मात्र आरक्षणाआधी विचारा की त्या हौदात ऑनसेनचेच पाणी येते की नळाचे.

एक मात्र सांगायला हवे. सार्वजनिक हौदात कोणी कोणाकडे बघत नाही. सकाळी ५:३०-६ किंवा रात्री ११ च्या सुमारास बहुतेक वेळा तिथे कोणीच नसते.

आजीच्या हातावर गोंदण आहे. अडवतील का?

गोंदण असलेल्यांना प्रवेश नाही अशी पाटी काही ठिकाणी असते, कारण जपानमध्ये मोठ्या गोंदणाचा संबंध गुन्हेगारी टोळ्यांशी जोडला गेला आहे. मनगटावरचे नाव किंवा कपाळावरचा ठिपका बघून सहसा कोणी काही म्हणत नाही, पण नियम हॉटेलगणिक बदलतो. आधी ईमेलने विचारा आणि त्वचेच्या रंगाची चिकटपट्टी सोबत ठेवा. मेंदीचेही सांगून ठेवा. ताजी, गडद मेंदी लांबून गोंदणासारखी दिसते आणि गैरसमज होतो.

कोणी पाण्यात जाऊ नये?

ताप असलेल्यांनी, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा गंभीर आजार असलेल्यांनी, रक्तस्राव होत असताना कोणीही जाऊ नये. गंधकाच्या पाण्यासाठी खास सूचना म्हणजे ज्यांची त्वचा फार संवेदनशील आहे आणि ज्या वृद्धांची त्वचा कोरडी पडली आहे त्यांनी टाळावे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी वेळ कमी ठेवावा आणि उठताना काठ धरूनच उठावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी जाऊ नये. मद्य घेतल्यावर कोणीच जाऊ नये, आणि जेवण झाल्या झाल्याही नको.

गरोदरपण पूर्वी जपानी सरकारच्या निषिद्ध यादीत होते, २०१४ मध्ये ते काढले. तरी फरशी निसरडी असते, म्हणून एकटीने जाऊ नये आणि डॉक्टरांना विचारूनच जावे. मासिक पाळीत सार्वजनिक हौद टाळतात, खोलीतला शॉवर वापरतात.

मुलांना चालते का?

लंगोट सुटलेल्या मुलांना चालते. विरुद्ध बाजूच्या स्नानगृहात मुलांना किती वयापर्यंत नेता येते, याचा मार्गदर्शक निकष २०२० मध्ये १० वर्षांवरून साधारण ७ वर्षांवर आणला आहे. पाणी ४२ अंशांच्या आसपास असते, मुलांना ते भाजल्यासारखे वाटते. उघड्यावरचा हौद बहुधा थोडा कोमट असतो, तिथून सुरुवात करा.

शाकाहारी जेवण मिळेल का?

मिळू शकते, पण वेळेवर आणि नेमके सांगितले तरच. ‘व्हेजिटेरियन’ एवढा शब्द पुरत नाही. तो ऐकून मांस काढून मासे वाढले जातात.

अडचण दाशीची आहे. दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकातला मूळ रस्सा, आणि तो बहुधा कात्सुओबुशीचा, म्हणजे सुकवलेल्या माशाच्या किसाचा असतो. मिसो सूप, उकडलेल्या भाज्या, सोबा नूडल्सचा रस्सा, अंड्याचा वाफवलेला कस्टर्ड, सगळ्यात तो असतो. ताटात मासा दिसत नाही, पण असतो. तो सकाळीच पातेलेभर करून ठेवतात, म्हणून संध्याकाळी सहाला सांगितल्यावर नम्रपणे मान हलवण्यापलीकडे त्यांना काही करता येत नाही.

आरक्षणाच्या वेळी लिहा, आणि येण्याच्या आठवडाभर आधी पुन्हा लिहा. तीन गोष्टी वेगवेगळ्या सांगा. मांस-मासे-अंडी खात नाही. माशाची दाशी चालत नाही, कोन्बू या समुद्री वनस्पतीची दाशी चालते. दूध चालते की नाही. पाठ करायला वाक्य: ‘निकु, साकाना, तामागो, कात्सुओ-दाशी वा ताबेरारेमासेन. कोन्बु-दाशी वा दाइजोबु देस.’ जैन जेवणाची अपेक्षा करू नका. कांदा, लसूण, बटाटा सगळे वगळलेले दहा पदार्थांचे ताट करणे त्यांना अवघड जाते. अशा वेळी फक्त न्याहारीसह मुक्काम घेणे दोघांनाही सुखाचे.

निक्कोची चांगली बाजू म्हणजे युबा. सोयाबीनचे दूध तापवले की वर साय धरते. क्योतोमध्ये ती काडीने एका कडेने उचलतात, म्हणून एकेरी आणि पातळ येते. निक्कोत मधोमध काडी घालून उचलतात, म्हणून दुहेरी आणि जाड. ताजी युबा वासाबी आणि सोया सॉसबरोबर देतात, ती निर्धास्त खा. गुंडाळून तळलेली युबा मात्र दाशीत शिजवलेली असते, तेव्हा विचारून घ्या. तिळाचा तोफू, भात, भाजलेली वांगी हेही बहुधा चालते. तेम्पुराच्या (पिठात बुडवून तळलेल्या भाज्यांच्या) तेलात कोळंबीही तळलेली असू शकते.

घरून खायला काय न्यावे?

खोलीत पाणी उकळायची किटली असते, तेव्हा गरम पाणी ओतून होणारे पोहे-उपमा, थेपले, मेतकूट, दाण्याची चटणी उत्तम. ताजी फळे, भाज्या, कढीपत्ता आणि मांसाचा कोणताही पदार्थ विमानतळावर अडवला जाईल. खोलीत छोटा कूकर किंवा शेगडी लावू नका. धुराने अलार्म वाजतो आणि फोडणीचा वास ताताम्यांत (जमिनीवरच्या गवती चटयांत) बसतो. भारतातून नेलेली विजेची भांडी तशीही चालत नाहीत, कारण तिथे वीज १०० व्होल्टची आहे. पिन दोन चपट्या पात्यांची लागते.

खाण्यापिण्याचे आणि रोख पैशांचे काम निक्को शहरातच उरकून घ्या. युमोतोत दुकाने मोजकी आहेत आणि लवकर बंद होतात.

खोलीत काय पाळायचे?

ताताम्यांवर चप्पल नाही, बॅगेची चाकेही नाहीत. शौचालयाची चप्पल वेगळी असते. ती घालून बाहेर येणे ही सगळ्यात नेहमीची चूक. युकाता (हॉटेलने दिलेला सुती झगा) घालताना डावी बाजू उजवीच्या वर घ्या. उलटे फक्त मृत व्यक्तीला नेसवतात. जेवायला, स्नानाला आणि हॉटेलभर युकात्यावर फिरलेले चालते. तुम्ही जेवायला गेल्यावर कर्मचारी खोलीत फुतोन (जमिनीवरची गादी) अंथरतात, म्हणून मौल्यवान वस्तू तिजोरीत ठेवा. गुडघे दुखणाऱ्यांनी पलंग असलेली खोली आधीच मागावी. जमिनीवरून उठबस करणे दोन दिवसांत जड जाते.

सरोवराकाठी काय करता येते?

सरोवराला फेरी मारा. सुमारे तीन किलोमीटर, एक तास. पूर्वेची बाजू रस्त्याजवळून, पश्चिमेची जंगलातून जाते. ज्वालामुखीच्या उद्रेकाने ओढा अडला आणि हे सरोवर झाले. दक्षिण टोकाला त्याचे पाणी काठावरून खाली कोसळते, तो युदाकी धबधबा, सुमारे ७० मीटर उंच. शेजारून पायऱ्या उतरतात.

तिथून युकावा ओढ्याच्या काठाने सेन्जोगाहारा पाणथळीवरच्या लाकडी वाटेने अकानुमापर्यंत चालत जाता येते. युमोतोपासून तीन तास धरा. अकानुमाला परतीची बस मिळते. हा सगळा पाणथळ भाग २००५ मध्ये रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीत) गेला. सकाळी दवाने फळ्या निसरड्या होतात, तळाला चांगली पकड असलेले बूट हवेत. अस्वले आहेत, म्हणून बॅगेला घंटी बांधतात. घाटातल्या माकडांना काही खायला देऊ नका, बंदी आहे.

गावात ओन्सेनजी नावाचे मंदिर आहे आणि तिथे स्नानही करता येते. असे मंदिर दुर्मीळ. बौद्ध भिक्षू शोदो यांनी ७८८ मध्ये हा उगम शोधला अशी परंपरा आहे. मंदिराचे स्नानगृह आणि पाय शेकायची उघडी जागा, दोन्ही हिवाळ्यात बंद असतात.

कोणत्या महिन्यात जावे?

जून ते सप्टेंबर हवा सुखद असते. पलीकडे टोकियो घामाने भिजत असते तेव्हा ऑगस्टमध्ये इथल्या डोंगरात सरासरी १९ अंशांच्या आसपास असते. पाऊस मात्र येतो.

शरद ऋतूतला रंग युमोतोला ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात येतो आणि मग खाली उतरत जातो. तो इरोहाझाकावर पोहोचला की, म्हणजे ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, घाट तुंबतो. ८० मिनिटांच्या बसला शनिवार-रविवारी तीन तासही लागतात आणि ६ चे जेवण हुकते. रंगांसाठी जायचे तर आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळच्या पहिल्या बसने.

हिवाळा कडक असतो, रात्री उणे १० च्या खाली जाऊ शकते. बस चालू राहते, पण युमोतोच्या पुढे गुन्मा प्रांतात जाणारा कोन्सेई घाट डिसेंबरच्या अखेरपासून एप्रिलपर्यंत बंद असतो. गाडी भाड्याने घेतली तर बर्फाचे टायर हवेतच. सरोवर गोठते, पण उत्तरेकडचा कोपरा गोठत नाही, कारण तिथे गरम पाणी मिसळते. सगळी बदके तिथे गोळा होतात आणि पाण्यावरून वाफ निघत असते. उघड्या हौदातून ओले केस घेऊन बाहेर आलात तर ते कडक होतात, म्हणून डोक्याला पंचा गुंडाळा. आम्हाला हा ऋतू सगळ्यांत आवडतो. पण पहिल्यांदाच बर्फात चालणाऱ्या ज्येष्ठांना घेऊन जायचे तर मे अखेर किंवा जून निवडा.

निघायच्या दिवशी काय लक्षात ठेवावे?

चेक-आउट १० ला असते. सकाळचे स्नान न्याहारीच्या आधी, ६ च्या सुमारास करा. नंतर हौद धुवायला बंद करतात. तासाला एक-दोनच बस असतात, म्हणून आदल्या रात्री वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा. युकाता आणि मोठे टॉवेल हॉटेलचे असतात. हॉटेलचे नाव छापलेला छोटा पंचा बहुधा तुम्हाला नेता येतो, पण विचारून घ्या. तो आणि स्नानानंतर घातलेले कपडे वेगळ्या पिशवीत बांधा. पादेलोणाचा वास बॅगेतल्या बाकीच्या कपड्यांना लागतो आणि दोन धुण्यांनंतरच जातो. चांदी त्या पिशवीच्या जवळपासही ठेवू नका.